शजरा, कोतवाल बुक आणि आपला इतिहास

तुमसर हे भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बाजारपेठेचे आणि मँगनीजच्या खाणींचे गाव. इथल्या मुस्लिम मोहल्ल्यातील एखाद्या बुजुर्गाला 'तुमचे पूर्वज कुठले?' असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. कोणी सांगतो, आमचे लोक बख्त बुलंद शाहाच्या फौजेबरोबर आले. कोणी सांगतो, सत्तावनच्या गदरनंतर उत्तरेतून पायी चालत आले. कोणी म्हणतो, रेल्वे पडली, खाणी सुरू झाल्या, तेव्हा आजोबांचे वडील इकडे उतरले. 'आम्ही इथलेच' असे चौथे उत्तरही संभवते, पण ते क्वचितच कोणी देतो.

या उत्तरांत खरे किती आणि ऐकीव किती, हे तपासायला आपण कधी बसलेलो नाही. सरदार-जहागीरदारांच्या घराण्यांना बखरी मिळाल्या. हिंदू कुटुंबांना हरिद्वार किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या सात-आठ पिढ्या सापडतात. आपल्याकडे सय्यद घराण्यांनी आणि खानकाहांनी शजरे जपले, पण विणकर, पिंजारी, खाटीक, बांगडीवाले, फकीर, शेतकरी आणि शिपाई अशा सामान्य मुसलमानाचा शजरा कोणी लिहिला नाही. त्यामुळे आजोबांच्या पलीकडे गेलो की नावे संपतात आणि दंतकथा सुरू होतात.

नावे मात्र हरवलेली नाहीत. ती सरकारी बस्त्यांत, इंग्रज अधिकाऱ्यांच्या ग्रंथांत, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, कबरीच्या कतब्यावर आणि घरातल्या कुराण शरीफच्या कोऱ्या पानावर पडून आहेत. ती कुठे आणि कशी शोधायची, आणि सापडल्यावर त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा, याचा विचार तुमसर परिसराच्या निमित्ताने इथे केला आहे.

रिवायत आणि दिरायत

माहिती पारखण्याची पद्धत आपल्याला बाहेरून शिकायला नको. हदीसच्या अभ्यासकांनी ती हजार वर्षांपूर्वी घालून दिली आहे. एखादी गोष्ट कोणी कोणाकडून ऐकली, त्या साखळीत कुठे दुवा तुटतो का, सांगणारा त्या काळात आणि त्या ठिकाणी खरोखर होता का, हे पाहणे म्हणजे रिवायतीची तपासणी. ती गोष्ट बुद्धीला, काळाला आणि परिस्थितीला पटते का, हे पाहणे म्हणजे दिरायत. या कामासाठी हजारो रावींची चरित्रे लिहिली गेली आणि 'अस्मा-उर्-रिजाल' हे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले.

हीच फूटपट्टी घरातल्या कहाणीला लावायची आहे. 'आमचे पणजोबा गदरात आले' असे कोणी सांगितले, तर ते त्याला कोणी सांगितले आणि सांगणाऱ्याने पणजोबांना पाहिले होते का, हे आधी विचारावे. एक पिढी साधारण पंचवीस-तीस वर्षांची धरली, तर आज साठीत असलेल्या माणसाचे आजोबा बहुधा १९०० च्या आसपास जन्मलेले असतात आणि पणजोबा १८७० च्या आसपास. म्हणजे गदर पणजोबांच्याही वडिलांच्या काळातला ठरतो. कहाणी खोटी नसेल, पण तिच्यातली एक पिढी गळून पडलेली असू शकते. मौखिक इतिहासात असे नेहमी होते. मधली माणसे विसरली जातात आणि पराक्रम जवळच्या नावाला चिकटतो.

इब्न खल्दून (१३३२–१४०६) याने तर वंशावळींबद्दल फारच स्पष्ट लिहून ठेवले आहे. वंश ही बऱ्याच अंशी मानलेली गोष्ट असते, तिचा उपयोग माणसांना एकत्र बांधण्यापुरता असतो आणि प्रतिष्ठेसाठी लोक खोटे वंश सांगतात, असे त्याचे म्हणणे. भारतीय मुसलमानाने हे आरशासारखे समोर ठेवावे. अरबस्तान, इराण, काबूल इथपर्यंत जाणारे आपले किती शजरे या कसोटीला उतरतील, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारायचा आहे.

जुने ग्रंथ काय सांगतात

पहिला शोध छापील ग्रंथांत घ्यावा, कारण ते सर्वांना सहज मिळतात. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये तिसरे रघुजी यांच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि लगेच माहिती गोळा करण्याचे काम सुरू झाले. त्याआधीचा, १८२७ चा, नागपूर दरबारचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याचा अहवाल आहे. १८७० मध्ये चार्ल्स ग्रँटने संपादित केलेले मध्य प्रांताचे गॅझेटियर निघाले. १९०८ मध्ये आर. व्ही. रसेलने भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर तयार केले. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनानेही भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर नव्याने प्रसिद्ध केले.

या ग्रंथांत तुमसर परिसरातील मुसलमानांचा सर्वांत जुना ठळक धागा सापडतो तो अंबागडच्या किल्ल्यापाशी. तुमसरपासून काही कोसांवर असलेला हा किल्ला १७०० च्या सुमारास राजाखान पठाणाने बांधला, अशी नोंद आहे. हा राजाखान देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार होता. पुढे भोसल्यांच्या काळात याच किल्ल्याचा उपयोग कैदखाना म्हणून झाला.

बख्त बुलंद स्वतः कोण होता? तो गोंड होता. औरंगजेबाच्या दरबारात जाऊन त्याने १६८६ च्या सुमारास इस्लाम स्वीकारला आणि परत येऊन गोंडवनावर राज्य केले. नागपूर शहराची स्थापना १७०२ मध्ये त्यानेच केली. त्याचा मुलगा चांद सुलतान १७३९ मध्ये वारल्यावर वारसाहक्काचे भांडण झाले आणि त्यातून पहिल्या रघुजी भोसल्यांचा अंमल इथे आला. राजाखानाचा मुलगा मुहम्मद खान याने सानगडीचा किल्ला तीन वर्षे देवगडच्या राजघराण्यासाठी लढवला. त्याच्या निष्ठेवर रघुजी खूश झाले आणि किल्ला सोडण्याच्या बदल्यात त्यांनी त्याला शिवनीचा कारभार दिला. १७४३ मध्ये तो 'दिवाण' हा किताब घेऊन तिकडे गेला.

या एका प्रकरणात आपल्याला दोन धडे मिळतात. या मुलखातला पहिला मोठा मुसलमान राजा परका नव्हता, तर इथल्याच जंगलातला आदिवासी होता. म्हणजे 'मुसलमान म्हणजे बाहेरचा' ही समजूत आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात पहिल्या पानावर खोटी ठरते. शिवाय गोंड राजासाठी पठाणाने मराठ्यांशी लढावे आणि मराठ्यांनी त्याच पठाणाला सुभा द्यावा, असा हा इतिहास आहे. धर्माच्या दोन रकाने पाडून तो वाचता येत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. आडनाव पठाण आहे आणि गाव अंबागडाजवळ आहे, एवढ्यावरून आपण राजाखानाचे वंशज ठरत नाही. किल्ला, सुभेदार आणि आपले घर यांच्यामध्ये जवळजवळ तीनशे वर्षे आहेत. ती कागदांनी भरली पाहिजेत. ग्रंथ पार्श्वभूमी देतात, वंश देत नाहीत.

जातीचे पान

दुसरा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ (१९१६). हिरालाल हे याच प्रांतातील विद्वान. त्यांच्या माहितीशिवाय हा ग्रंथ उभा राहिला नसता. यात बहना म्हणजे पिंजारी, जुलाहा, कसाई, मणिहार, फकीर, पठाण, बोहरा, कच्छी मेमन अशी मुसलमानांतील अनेक समाजांची माहिती आली आहे. बहना समाजाबद्दल लिहिताना त्यांची नावे, लग्नविधी आणि सण शेजारच्या हिंदूंसारखेच असल्याची नोंद लेखक करतात.

हे वाचताना काहींना राग येतो. लेखक सरकारी अधिकारी होते, त्यांची नजर वरून पाहणारी होती आणि काही वाक्ये अपमानकारकही आहेत. तरी ग्रंथ फेकून देऊ नये. आपल्या पणजोबांच्या काळी त्यांचा धंदा काय होता, ते कोणत्या नावाने ओळखले जात, याची ही जुनी साक्ष आहे.

आणि इथेच शोधकाची खरी अडचण सुरू होते. विसाव्या शतकात या समाजांनी आपली नावे बदलली. जुलाहे मोमीन व अन्सारी झाले, बहना-पिंजारी मन्सुरी झाले, कसाई कुरेशी झाले. हा स्वाभिमानाचा भाग होता आणि त्यात गैर काही नव्हते. पण कागदावर त्याचा परिणाम असा झाला की आजोबांच्या नोंदीत 'बहना', वडिलांच्या नोंदीत 'मन्सुरी' आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर 'शेख' किंवा नुसते 'मुसलमान' लिहिलेले सापडते. तिन्ही एकाच घरातली माणसे आहेत, पण कागद तीन वेगळ्या जाती सांगतो.

महाराष्ट्रात १९९० च्या दशकात शब्बीर अन्सारी यांच्या पुढाकाराने मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली, दिलीपकुमार यांनी तिला बळ दिले आणि या समाजांना सवलतींचे दार उघडले. परंतु दाराशी पुरावा मागितला जातो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा दाखला लागतो. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे, असे जात पडताळणीचा राज्याचा कायदा सांगतो. म्हणून पूर्वजांचा शोध हा आपल्याकडे निव्वळ हौसेचा विषय राहिलेला नाही. मुलीचा वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचा प्रवेश खापरपणजोबांच्या एका ओळीवर अडू शकतो.

कोतवाल बुक आणि बंदोबस्ताचे कागद

ही ओळ बहुधा मिळते ती कोतवाल बुकात. मध्य प्रांतात गावातले जन्म आणि मृत्यू लिहून घेण्याचे काम गावच्या कोतवालाकडे होते. तो बहुतेकदा स्वतः निरक्षर असे. वही घेऊन तो ठाण्यावर जाई आणि लिहिणारा कोणी दुसराच असे. मुलाचे नाव पुष्कळदा नसते, 'अमक्यास मुलगा झाला' एवढेच असते. पण बापाचे नाव, जात, गाव आणि तारीख असते. कोणत्या आजाराने मृत्यू झाला, तेही असते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची पाने वाचली, तर एखाद्या घराचा वंश एकाच मुलापाशी येऊन का थांबला, याचा उलगडा होतो.

कोतवाल बुक वाचताना नावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नये. शेख हा शेक किंवा सेख होतो. मोहम्मद हा महंमद, महमद, मेहमूद असा कसाही येतो. लिहिणाऱ्याने जे ऐकले ते त्याच्या कानाप्रमाणे लिहिले. त्यामुळे एका नावावरून माणूस ओळखू नये. बापाचे नाव, जात, मोहल्ला आणि भावंडे अशी किमान तीन-चार कलमे जुळली, तरच तो आपला समजावा.

दुसरा खजिना जमिनीच्या कागदांचा. १८६० च्या दशकात भंडारा जिल्ह्यात पहिला पक्का बंदोबस्त झाला. भंडाऱ्याच्या बंदोबस्ताचा ए. जे. लॉरेन्सचा अहवाल १८६७ चा आहे. गावचा सारा वसूल करणाऱ्यांना या बंदोबस्तात मालगुजार म्हणून मालकी मिळाली. त्यांच्याखाली मालिक-मकबूजा, मौरूसी काश्तकार आणि साधी कुळे अशा पायऱ्या होत्या. आपल्या पूर्वजाच्या नावापुढे यांतला कोणता शब्द आहे, यावरून त्याची गावातली पत कळते. ज्याची मौरूसी नोंद आहे, ते कुटुंब बंदोबस्ताच्या आधीपासून ती जमीन कसत असण्याची शक्यता मोठी. अशी नोंद सापडली, की 'गदरनंतर आलो' ही कहाणी पुन्हा तपासावी लागते.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांनीही निराश होऊ नये. प्रत्येक गावाचे 'वाजिब-उल्-अर्ज' लिहिले गेले. तळ्याचे पाणी कोणाला, चराई कुठे, सरपण कोणी आणायचे, अशा वहिवाटी त्यात आहेत. मशिदीला, दर्ग्याला, काझीला किंवा फकिराला पूर्वीच्या राजवटींनी दिलेल्या माफीच्या जमिनींची इंग्रजांनी चौकशी केली. तिच्या मिसली म्हणजे मुजावर आणि फकीर घराण्यांच्या हकिगतीच आहेत. सनद कोणी दिली, कधी दिली, ती कोणाकडून कोणाकडे आली, हे सर्व दावेदाराला सांगावे लागे.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. जिल्ह्यातल्या तळ्यांना आजही 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी संपल्यावर पन्नासच्या दशकात तयार झालेले अधिकार अभिलेख हे आजच्या सातबाऱ्याचे वडील. मागे जायचे तर सातबारा, फेरफार, अधिकार अभिलेख आणि मग बंदोबस्ताची मिसल अशा क्रमाने जावे. एकदम शंभर वर्षे उडी मारणाऱ्याला चुकीचा माणूस सापडतो.

आपलीच भाषा

या कागदांची भाषा पाहिली की एक गंमत लक्षात येते. शेख अमुक वल्द शेख तमुक, साकिन मौजा अमुक, पेशा काश्तकारी. बाईचे नाव असेल तर जौजे किंवा बेवा. मेला तर फौत, त्याचे मागचे ते वारस. मौजा, तहसील, जिल्हा, दाखल-खारीज, मिसल, नक्कल हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले. मराठी शेतकऱ्याला ते परके वाटत नाहीत. डॉ. यू. म. पठाण यांनी मराठी बखरींतील फारसीचा अभ्यास करून हा अनुबंध दाखवून दिला. तो बखरींपुरता नाही, पटवाऱ्याच्या दप्तरातही आहे. तुमसर तहसिलीतल्या मँगनीजच्या खाणीचे गाव 'डोंगरी बुजुर्ग'. डोंगरी हा शब्द इथला, बुजुर्ग हा फारसी. महाराष्ट्रात इतरत्र त्याचाच 'बुद्रुक' झाला.

कालगणना मात्र चकवते. मराठी राजवटीच्या मोडी कागदांत शुहूर सन येतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७६०-६१, पानिपतचे वर्ष. आपल्या घरात ज्याने मदरशात थोडे अरबी गिरवले आहे, तो हे आकडे मोडीच्या जाणकारापेक्षाही चटकन लावील. फसली सनात दख्खनचा आणि उत्तरेचा असा सव्वादोन वर्षांचा फरक आहे. आपला मुलूख दोन्हींच्या सीमेवरचा. म्हणून त्याच कागदावर दुसरी तारीख आहे का, ते पाहूनच हिशेब करावा.

कबरीच्या कतब्यावर हिजरी सन असतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने नुसती ५८० किंवा ६२२ वर्षे मिळवून चालत नाही. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावे, म्हणजे जवळचे उत्तर येते. हिजरी १२७४ हे वर्ष ऑगस्ट १८५७ मध्ये सुरू झाले, हे या हिशेबाने पडताळून पाहता येईल. काही कतब्यांवर अब्जदच्या पद्धतीने अक्षरांतून साल काढलेले असते. ते एखाद्या जाणत्या मौलवींकडून लावून घ्यावे.

रेल्वे, खाणी आणि छावणी

आता तिसऱ्या प्रकारची कुटुंबे. नागपूरपासून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे १८८० च्या दशकात झाली आणि पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज कंपनी स्थापन झाली आणि या भागातल्या मँगनीजची खोदाई सुरू झाली. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या आपल्या परिसरातल्या खाणी. याच कंपनीचा वारसा १९६२ मध्ये 'मॉइल'कडे आला. भूवैज्ञानिक फर्मोर याने १९०९ मध्ये भारतातील मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात खाणींचे वर्णन तपशिलाने आहे, मजुराचे नाव मात्र नाही. ते शोधायचे तर नोकरीचे कागद, रेल्वेचे पेन्शनपत्र, भविष्य निर्वाह निधीचे कार्ड अशा घरातल्या चिठ्ठ्याच हुडकाव्या लागतात.

रेल्वेबरोबर कच्छ-काठियावाडचे मेमन आणि बोहरा व्यापारी विदर्भाच्या बाजारपेठांत पसरले. त्यांच्या जमातींची नोंदवही चोख असते आणि त्यांचा शोध तुलनेने सोपा. विणकरांची वाट वेगळी. उत्तर भारतातून उठलेले मोमीन कामठीत आणि नागपुरात स्थिरावले. तिथून नातेसंबंधाने लहान गावांत आले. १८२१ मध्ये वसलेल्या कामठीच्या छावणीत मद्रास फौजेच्या पलटणी असत, त्यामुळे विदर्भातल्या काही घरांची मुळे पार तेलुगू-तमिळ मुलखात जातात. ज्यांच्या घरात 'आम्ही पलटणीबरोबर आलो' अशी आठवण आहे, त्यांनी उत्तरेकडेच पाहत बसू नये.

तुमसरच्या कागदांत अशा कुटुंबांचे मूळ सापडत नाही, फक्त येण्याची वेळ सापडते. पहिले घर कधी घेतले, त्याचा बयनामा दुय्यम निबंधकाकडे आहे का, पहिला मुलगा शाळेत कधी गेला, पहिले मूल कधी दफन झाले. शाळेच्या रजिस्टरात 'यापूर्वीची शाळा' असा रकाना असतो. तो एक रकाना पुष्कळदा मूळ गावाचा पत्ता देतो.

बायकांची नावे

या सर्व शोधात एक मोठी पोकळी आहे. कोतवाल बुकात आई क्वचित असते. सातबाऱ्यावर ती नवऱ्याच्या मृत्यूनंतर 'बेवा' म्हणून उगवते. शजरे तर बापाकडून मुलाकडेच उतरतात.

शरियतने मुलीला वारसा दिला, ही आपण अभिमानाने सांगण्याची गोष्ट. मग तिचे नाव कागदावर का नाही? १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली, हे एक कारण. दुसरे कारण आपण स्वतः. वारसांच्या यादीत मुलगी लागते आणि पुढच्याच फेरफारात तिचे हक्कसोडपत्र येते. कित्येक घरांत आजीच्या बहिणींची नावे कळण्याचे एकमेव ठिकाण म्हणजे त्यांनी आपला हिस्सा सोडला तो कागद. त्यावर त्यांचा अंगठा आहे.

बायकांची नावे शोधायची तर काझीच्या निकाहनाम्यांची रजिस्टरे पाहावीत. तिथे वधू, तिचा बाप, वकील, साक्षीदार आणि मेहर यांची नोंद असते. मेहरपोटी घर किंवा शेत लिहून दिले असेल, तर नोंदणी कार्यालयात दस्त मिळतो. आणि म्हाताऱ्या बायकांना विचारावे. कोणाची मुलगी कोणत्या गावी दिली, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. गोंदिया, बालाघाट, शिवनी, नागपूर इथल्या सोयरिकींचा नकाशा त्यांच्या तोंडी असतो, आणि कुटुंब कुठून आले याची खूण पुष्कळदा त्या नकाशातच असते.

कागद कुठे आहेत

तुमसर १८६१ नंतर मध्य प्रांतात होते. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. जागेवरून न हलता एका माणसाने जन्मभरात इतकी सरकारे पाहिली आणि त्याचे कागद त्यांच्यामागे फिरले. काही भंडाऱ्याला जिल्हा अभिलेख कक्षात, काही नागपूरच्या पुराभिलेखागारात, काही भोपाळला, वरच्या पातळीवरचे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. जुनी गॅझेटियरे आता संगणकावर फुकट वाचता येतात, आणि महसुली कागदांचेही स्कॅनिंग बऱ्याच प्रमाणात झाले आहे. मोडीचे वर्ग पुराभिलेख विभाग चालवतो. आपल्यातल्या दोन-चार तरुणांनी ते करायला काय हरकत आहे?

जे कागद आपल्या ताब्यात आहेत, त्यांची अवस्था त्याहून वाईट आहे. मशिदीचे जुने हिशेब, चंद्याच्या याद्या, कब्रस्तानाची वही, उर्सची पत्रके, हाजींचे परवाने रद्दीत गेले किंवा वाळवीने खाल्ले. २०२५ च्या वक्फ सुधारणा कायद्याने 'वापराने वक्फ' ही संकल्पना पुढच्या काळासाठी वगळली आणि वक्फांचा तपशील केंद्रीय पोर्टलवर भरणे बंधनकारक केले. तेव्हा गावोगावचे मुतवल्ली कागद शोधत धावले. जी वही पन्नास वर्षे कोणी उघडली नव्हती, तिची किंमत एका महिन्यात कळली.

शजरा कशासाठी

आज कागदाचा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली, तेव्हा सुमारे १९ लाख माणसे बाहेर राहिली. सर्वांत जास्त हाल लग्न होऊन गाव बदललेल्या बायकांचे झाले, कारण बापाशी नाते जोडणारा कागद त्यांच्याकडे नव्हता. २०२५ साली बिहारमध्ये मतदारयाद्यांच्या फेरतपासणीत लोक २००३ च्या यादीत आईबापांची नावे शोधत होते. येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये घेतला. १९३१ नंतर जनगणनेत सर्व जातींची मोजणी प्रथमच होईल. प्रगणक दारात येईल तेव्हा 'शेख' सांगायचे, 'मुसलमान' सांगायचे की 'बहना', हे ठरवायला आपण कोण आहोत हे आधी माहीत हवे.

परंतु भीतीपोटी केलेला शोध भीतीइतकाच टिकतो. शिक्का मिळाला की फाईल पुन्हा कपाटात जाते. सूरह हुजुरातमध्ये माणसांचे कबिले आणि जमाती कशासाठी केल्या, याचे कारण सांगितले आहे. एकमेकांना ओळखावे म्हणून. श्रेष्ठत्व वंशाने नाही, तक्व्याने ठरते, हेही त्याच आयतीत आहे. याचा अर्थ शजरा मिरवायला नाही, ओळखायला आहे. आणि ओळखायचे म्हटले की आपल्याच घरातला पिंजारी, आपल्याच घरातली बेवा, आपल्याच घरातला बटाईदार यांनाही ओळखावे लागेल. अरबस्तानचा काल्पनिक दादा पुढे करून धानाच्या बांधीत राबलेल्या खऱ्या दादाला लपवणे ही आपल्याच माणसाशी बेइमानी आहे.

म्हणून काम छोटे पण तातडीचे आहे. घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ वही घेऊन बसावे. तिला आठवणारी सर्व नावे, बायकांची आधी, लिहून घ्यावीत आणि प्रत्येक नावापुढे हे कोणी सांगितले ते लिहावे. मग कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचे रजिस्टर आणि अधिकार अभिलेख काढून एकेक नाव पडताळावे. जे जुळेल ते शाईने लिहावे, जे जुळणार नाही ते पेन्सिलीने राहू द्यावे. त्या वहीची एक प्रत मशिदीच्या कपाटात ठेवावी आणि एक माहेरी-सासरी गेलेल्या मुलींना द्यावी. पुढच्या पिढीला निदान हे तरी विचारावे लागणार नाही की आपण आलो कुठून.